शिवकांताअक्काची फोनवरची मापं

शिवकांताअक्का माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसे. आधी खांद्यांकडे पाही, मग दंडाकडे, आणि मग सवड झालीच तर तोंडाकडे. स्टेशनावरून कुणी नवखी बाई गावात येताना दिसली की ओट्यावर बसल्या बसल्या म्हणे, "ही गंगाखेडकडली दिसायली. खांदा बघ कसा उतरता हाय." गंगाखेडकडच्या साऱ्या बायकांचे खांदे उतरते कसे असतील, हे तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं परळीचे आणि वसमतचे खांदेही सांगितले असते.

मला ती नावानं क्वचितच हाक मारी, मापानंच मारी. "ए अठ्ठावीस, तुज्या आईला सांग, काजं-बटनं झाली म्हणावं." पुढे मी परभणीला कॉलेजात जायला लागले तेव्हा पिशवीकडे बघून म्हणाली, "पुस्तकं लय झाली. आता तरी तीस हो."

तिच्याबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण मला तिचं सगळं आयुष्य माहीत नाही. माहेर उदगीरकडचं, लग्न होऊन चुडाव्याला आली, नवऱ्याचं, म्हणजे अप्पाचं, किराणा दुकान, दुकानाच्या मागे घर, एकच मुलगी. एवढं गावात कुणालाही माहीत होतं. मी रुळांच्या पलीकडच्या वस्तीतली. तिच्या ओट्यापर्यंतच माझं जाणं. म्हणून जे ओट्यावरून दिसलं, आणि पुढे गाडीच्या डब्यात आणि टेलिफोनच्या काचेच्या खोक्यात दिसलं, तेवढंच मी लिहू शकते.

अक्का घरी झंपरं शिवायची. लहान मुलींचे फ्रॉक, परकर, उशांचे अभ्रे हेही असायचं, पण तिचं नाव झंपरांसाठी. आमच्याकडे बायका अंगाला टेप लावून घ्यायला लाजतात. नीट बसणारं एखादं जुनं झंपर शिवणारणीकडे ठेवून देतात. ते मापाचं झंपर. नवीन कापड पाठवलं की त्या मापावर ती कापणार. अक्काच्या माजघरात दोरीवर अशी मापाची झंपरं टांगलेली असत, आणि कुणाचं कोणतं हे कळावं म्हणून प्रत्येकाच्या काखेत वेगळ्या रंगाचा दोरा ओवलेला. आमच्या वस्तीतल्या बायकांची झंपरं वेगळ्या दोरीवर होती. ओट्यावरून दोन्ही दोऱ्या दिसत. कापडही आम्ही तिच्या हातात देत नसू, ओट्याच्या कडेला ठेवत असू. आई म्हणायची, "दोरी येगळी हाय, टाका एकच हाय." नामांतराच्या पहिल्या दंगलीत आमच्या वस्तीनं जवारीच्या रानात लपून काढलेला वेळ आई सांगायची, तेव्हा हेही सांगायची की त्यानंतर गावातून वस्तीचं कापड पहिल्यांदा घेतलं ते अक्कानं. "काई बोलली न्हाई. निसतं म्हणाली, बाही कितपत ठेवू."

तिच्या गळ्यात दोन गोष्टी कायम असत. चांदीच्या डबीतलं लिंग आणि टेप. मशीनवर बसली की दोन्ही पाठीवर टाकी आणि उठली की दोन्ही पुढे घेई. टेप इतकी जुनी की पहिला इंच झिजून नाहीसा झाला होता. त्यामुळे ती एकच्या खुणेपासून मोजी आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करी. नवीन टेप अप्पाच्या दुकानातही मिळत होती. पण ती म्हणे, "हिला माझी सवय हाय. नवी टेप मला येड्यात काढंल."

ह्या बाईला नव्या वस्तूंचं मात्र फार वेड. गावात विजेची मोटर लावलेलं पहिलं शिलाई मशीन तिचं. वीज गेली की पाय वर घेऊन बसून राही, पायानं मारायला तयार नसे. "एकदा मोटरची चव लागली की पाय ऐकत न्हाईत," म्हणे. अप्पानं एकदा नांदेडहून दुकानासाठी कॅल्क्युलेटर आणला. त्याचा हिशोब तोंडीच पक्का, म्हणून ते यंत्र पडून राहिलं आणि अक्काकडे आलं. तिनं ते कशासाठी वापरावं? टेपचा तो झिजलेला एक इंच वजा करायला. चौतीस दाबायची, वजा दाबायची, एक दाबायची आणि मग काचेत तेहतीस उमटेपर्यंत मान वाकडी करून बघायची. नंदा, तिची मुलगी, हसून लोळायची. "आई, एक वजा करायला मिशिन लागतंय का तुला?" अक्का शांतपणे म्हणायची, "मला येतंय. पर त्यानं बी सांगितलं की कापताना हात थरथरत न्हाई."

नंदा आणि मी दहावीपर्यंत एका वर्गात होतो. तिचे खांदे आईसारखे रुंद. अक्काला त्याचा अभिमान होता. "हिच्या अंगावर कसलं बी कापड टाका, पाटलीण दिसती."

मग गावात फोन आला. त्याआधी टपालात एक फोन होता, कानात घोंघावणारा. आता डिजिटल एक्स्चेंज आलं होतं. हा शब्द गावानं असा उचलला की काही दिवस सगळंच डिजिटल झालं. चहा चांगला झाला तरी डिजिटल. अप्पानं दुकानाच्या एका कोपऱ्यात लाकडाचं आणि काचेचं खोकं करून घेतलं, त्यात फोन बसवला आणि वर लाल आकडे पळणारं मीटर लावलं. लोक नुसते ते आकडे बघायला येत. अक्का मात्र पहिल्या दिवसापासून त्या खोक्याकडे गिऱ्हाइकासारखी बघत होती.

संधी लवकरच आली. पाटलाची सुलू सोलापूरला दिलेली. तिच्या भावाचं लग्न ठरलं आणि ती येणार हळदीच्याच दिवशी. साडी इकडे घेतलेली, झंपर शिवायचं होतं. अक्काकडे सुलूचं मापाचं झंपर होतं, पण ते लग्नाआधीचं, आता तिला दोन लेकरं. अक्का म्हणाली, "फोन लावा. मी मापं घेते." मी तेव्हा चहापत्ती घ्यायला दुकानात होते. अक्कानं खोक्याचं दार लावलं नाही. तिला वाटे, दार लावलं तर आवाज सोलापूरला पोचणार नाही.

"सुले, पाठ किती?"

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

"टेप न्हाई? मग वीत लाव की. वीत अन् बोटं सांग."

आणि सुलूनं सांगितलं. दीड वीत, चार बोटं, दोन बोटं. अक्का मोठ्यानं म्हणून घेत होती. दुकानात बसलेली माणसं एकमेकांकडे न बघता विड्या ओढत होती. अप्पानं साखरेच्या पोत्यावर उगाच थाप मारली.

हळदीच्या दिवशी झंपर सुलूच्या अंगावर चढलं आणि घरभर हसू पिकलं. अक्काचे हात अप्पाच्या हातांएवढे, लांब. सुलूची वीत चिमणीची. अक्कानं सुलूच्या विती घेतल्या आणि स्वतःच्या वितीनं कापड कापलं.

"अक्का," सुलू म्हणाली, "ह्यात मी अन् माझी जाऊ दोघी मावतो."

"मग जावंला बी बोलवायचं व्हतंस," अक्का म्हणाली. पण तिचं तोंड उतरलं होतं. तिनं सुलूचा हात ओढला आणि आपल्या तळव्यावर तळवा ठेवून बराच वेळ बघत राहिली. सुलूनं लग्न टाचण्या लावून निभावलं. नंतर ओट्यावर अक्का आईला सांगत होती, "फोनात हात येत न्हाई बघ. निसता आकडा येतो. कुणाच्या हाताचा, ते त्यात लिहिलेलं नसतंय."

दुसरी कुणी असती तर फोनचा नाद सोडला असता. अक्कानं दुकानातल्या सगळ्या छापांच्या काडीपेट्या फळीवर ओळीनं मांडल्या आणि टेप लावली. अप्पा ओरडला, "इकायच्या हायत त्या." तिनं लक्ष दिलं नाही. सगळ्या सारख्याच निघाल्या, लांबीला दोन इंच. तेव्हापासून गावाबाहेर दिलेल्या पोरींना ती फोनवर सांगे, "दोरा घे. अंगाला येढा दे. दोरा भुईवर सरळ ठेव अन् काडीपेटीनं मोज. टेप कुणाच्या घरात असती? काडीपेटीबिगर चूल पेटती का?" ह्यात आणखी एक फायदा झाला. आता ती खोक्यातून "सोळा! सोळा अन् अर्धी!" असं ओरडली तरी दुकानातल्या माणसांना काही अर्थ लागत नसे. सोलापूर, नाशिक, हैद्राबाद, सगळीकडून तिच्याकडे काडीपेट्या यायला लागल्या. माहेरचा फोन नंबर म्हणून पोरी अप्पाच्या दुकानाचा नंबर जपून ठेवत, आणि माहेरची पहिली चौकशी आईची नसे, "अक्का हाय का दुकानात?" अशी असे. ते दिवस तिच्या आयुष्यातले फार भरलेले असणार. मशीनची मोटर घरघरत असे आणि मधेच दुकानातून अप्पाची हाक येई, "अगं, तुजा फोन."

त्याच दिवसांत नंदा गेली.

प्रकाश आमच्या वस्तीतला. आयटीआय करून मनमाडला एका गॅरेजात लागला होता. नंदानं आणि त्यानं तिकडेच लग्न केलं. नामांतराचा वाद पुन्हा तापलेला होता. गाव आणि वस्ती एकमेकांशी कामापुरतं बोलत होती, आणि हे झालं. वस्तीत म्हातारी माणसं अंगणात बसून राहिली. मारामारी झाली नाही, का झाली नाही मला अजून नीट कळत नाही. अप्पानं दुकानात बसून सगळ्यांना सांगितलं, "मला एक पोरगी व्हती. ती मेली." आणि वजन करायला लागला.

दोन-चार दिवसांनी अक्काकडून एक पोरगं डोक्यावर गाठोडं घेऊन रुळांवरून वस्तीत आलं. आमच्या बायकांची सगळी मापाची झंपरं त्यात होती. धुऊन, घड्या करून, काखेतले दोरे तसेच. आईनं आपलं झंपर उचललं, झटकलं आणि भिंतीच्या खुंटीला लावलं. ते पुढे कितीतरी दिवस तिथंच होतं. वस्तीतल्या बायका पूर्णेच्या शिंप्याकडे जायला लागल्या आणि प्रत्येक सणाला म्हणायच्या, "काख धरती." काख धरती म्हणजे अक्काची आठवण येती, एवढंच. पण ते कुणी तसं म्हणत नसे.

प्रकाशच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मनमाडला त्यांच्या घराखाली एक दुकान होतं, तिथला नंबर तिच्याकडे होता. फोन केला की दुकानदार वर हाक मारून बोलावून घेई. मी रोज गाडीनं परभणीला जात असे, म्हणून अधूनमधून तिथून मीच तो फोन लावायची आणि खुशाली आणायची. हे वस्तीबाहेर कुणाला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

एक दिवस सकाळच्या गाडीला मी स्टेशनावर उभी होते. अक्का आली. हातात रिकामी पिशवी. माझ्या शेजारी, जरा अंतर ठेवून उभी राहिली आणि रुळांकडे बघत म्हणाली,

"अठ्ठावीस, परभणीला जायलीस?"

"व्हय अक्का."

"मी बी यायले. फॉल अन् बटनं आनायचीत."

गाडीत ती माझ्यासमोर बसली. पूर्णेला गाडी बराच वेळ थांबते. तिथं तिनं विचारलं, "तुज्याकडं तिकडला नंबर हाय म्हणं."

मला भीती वाटली. हिच्या मागे अप्पा असेल का, असंही वाटलं.

"घाबरू नगं," ती म्हणाली. "दुकानातून लावता येत न्हाई मला. माझ्याच घरात फोन हाय अन् मला येत न्हाई, बघ कसं हाय." पिंगळी आली तेव्हा म्हणाली, "वस्तीत पाचवा म्हणायलेत. खरं हाय का?"

"सहावा लागलाय," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. पहिलटकरणीला माहेरचं हिरवं झंपर जातं. ते आमच्यातही जातं आणि त्यांच्यातही.

परभणीला स्टेशनसमोरच्या बूथवर आम्ही गेलो. मी नंबर फिरवला. दुकानदार म्हणाला, बोलावतो, पाच मिनिटांनी लावा. ती पाच मिनिटं अक्का खोक्याच्या आतच उभी राहिली, जणू बाहेर आली तर जागा जाईल. मी बाहेर निघाले तर म्हणाली, "तू थांब." दुसऱ्यांदा लावला तेव्हा नंदा आली होती. मी फोन अक्काच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

नंदाचा आवाज मला फोनबाहेरही ऐकू येत होता. "हॅलो. कोन बोलायलंय? रमे, तू हाईस का?"

लाल आकडे पळत होते. माझ्या मनात आलं की हिच्या हातातून फोन घ्यावा. तेवढ्यात तिकडून अगदी हळू आवाज आला, "आई?"

"काडीपेटी हाय का घरात?" अक्का म्हणाली.

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हाय का न्हाई? दोरा बी लागंल. वर जाऊन मोज अन् परत ये. मी धा मिन्टांनी लावते." आणि तिनं फोन ठेवून दिला.

पुन्हा लावला तेव्हा तिनं माझा पेन मागितला. कागद दिला तर घेतला नाही. डाव्या हाताच्या तळव्यावर लिहायला लागली. "छाती? ... सतरा. बरं. पाठ? ... मुंढा? ... दंड?" इथं ती थांबली. "परत सांग. ... दंड चार कसा यील? तुजा दंड सव्वापाच हाय. दोरा ढिल्ला धर. ... नीट मोजलास का?" मग ती बराच वेळ ऐकत राहिली. नंदा काय सांगत होती मला कळलं नाही, आवाज फार बारीक झाला होता.

"उलट्या व्हायल्यात तर लिंबू चोख," ती शेवटी म्हणाली. "अन् दंड भर. एवढ्याला बाही कशी लावू मी?"

तिथून निघालो. ती फॉल, बटणं काही न घेता परतीच्या गाडीला थांबते म्हणाली. मी तास सोडला आणि तिच्याबरोबर बाकावर बसले. ती तळहात उघडून त्यावरचे आकडे वाचत होती, पुन्हा पुन्हा.

"अक्का, कागदावर उतरून देऊ का?"

"नगं," ती म्हणाली. "ह्या हातावर लिंग ठेवून पूजा करते मी. सांजच्याला हात धुवावाच लागंल. तवर पाठ हुईल."

हिरवं झंपर तिनं आठवड्याभरात शिवलं. त्याची हकिकत तिनं मला पुढच्या खेपेला स्टेशनावर सांगितली. ती शिवत असताना अप्पा आत पाणी प्यायला आला. मशीनवरचं हिरवं कापड बघून त्यानं विचारलं, "कुणाचं हाय?"

"गिऱ्हाइकाचं."

"मापाचं झंपर कुठं हाय?"

"माप फोनवर आलंय."

अप्पा उभा राहिला. गावात बाहेरगावी बोलायचा फोन एकच, त्याच्या दुकानातला. त्यावर कोण कुणाशी काय बोललं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. असं माप त्याच्या फोनवर आलंच नव्हतं. अक्का म्हणाली, "मला वाटलं, आता कात्रीच हिसकून घिल. मी मोटर बंद केली न्हाई." अप्पानं पाणी पिऊन तांब्या पालथा घातला आणि दुकानात गेला. कुणीतरी पावशेर डाळ मागत होतं.

मी ते झंपर पार्सल केलं. आत दोन्ही बाजूंना तिनं भरपूर कापड दाबून ठेवलं होतं. "दंड भरला की उसवून सोड म्हणावं," तिनं निरोप दिला होता.

त्यानंतर ती महिन्यातून एखाद-दोनदा माझ्याबरोबर परभणीला यायची. फोनवर प्रत्येक वेळी पहिला प्रश्न दंडाचा. "साडेचार? चाललं. पाच करून दाव." लग्नाबद्दल, अप्पाबद्दल, प्रकाशबद्दल एक शब्द नाही. एकदा फक्त विचारलं, "त्याचा खांदा कसा हाय?" मला वाटतं, जावयाची एवढीच चौकशी तिनं केली. नंदानं काय सांगितलं ते तिनं मला सांगितलं नाही. गाडीत मात्र बराच वेळ खिडकीबाहेर बघून तिचं ओठात हसणं चाललं होतं.

आईला हे सगळं आवडत नव्हतं. "आता कामून रुळं वलांडून यायली? गरज पडली म्हून?" अक्कानं माझ्याजवळ आईचं मापाचं झंपर मागितलं होतं. मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. खुंटीकडे बघितलंसुद्धा नाही. "सांग तिला, अंग आता त्या मापाचं राह्यलं न्हाई." मी हे अक्काला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "खरं हाय तिचं." पुन्हा तिनं ते मागितलं नाही.

नंदाला मुलगी झाली. मला परभणीच्या बूथवर कळलं आणि संध्याकाळी मी पहिल्यांदाच न विचारता अक्काच्या ओट्यावर गेले. दुकानात अप्पा होता. मी मोठ्यानं काही बोलू शकत नव्हते. अक्कानं माझ्याकडे बघितलं. खांद्यांकडे नाही, तोंडाकडे. आणि उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी ती स्टेशनावर माझ्या आधी हजर होती.

बाळ जन्मायच्या आधी त्याचे कपडे शिवायचे नाहीत, हे ती कडक पाळायची. त्यामुळे आता झबल्याचं माप पाहिजे होतं. खोक्यात शिरून तिनं फोन घेतला आणि सवयीनं सुरू केलं, "दोरा घे. लेकराला उताणं ठेव. मानंपासून..."

नंदा मधेच काही बोलली. अक्का थांबली.

"रडायलंय तर निजू दे, मग मोज. मी थांबते."

पुन्हा नंदा बोलली. ह्या वेळी थोडंसंच. अक्कानं कानापासून फोन दूर धरला आणि माझ्याकडे बघितलं. "न्हाई मोजत म्हणायली," ती म्हणाली. "म्हणायली, तूच येऊन माप."

तिनं फोन ठेवला नाही, माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन फुटपाथवर बसली. मी नंदाशी काय बोलले ते मला आठवत नाही. परतताना अक्का म्हणाली, "झबलं थोडं मोठं बी चालतं तसं." मग पुष्कळ वेळानं, "पर किती मोठं?"

आता मी औरंगाबादला एम.ए.ला आहे. विद्यापीठाचं नाव बदललं त्या दिवशी आम्ही मुली खूप नाचलो. वसतिगृहाबाहेर ओळीनं बूथ आहेत. एकदा मी तो मनमाडचा नंबर लावला. दुकानदार वेगळा होता. म्हणाला, ते गॅरेजवाले घर सोडून गेले, म्हातारी बाई पण होती बरोबर, कुठे गेले माहीत नाही. म्हातारी म्हणाला. अक्का म्हातारी नव्हती. नाशिक म्हणाला की मुंबई, तेही त्याला नक्की आठवेना. वस्तीत प्रकाशच्या आईकडेही तो जुनाच नंबर आहे. चुडाव्यात अप्पाच्या दुकानात फोन अजून आहे. तिथं मी कधी विचारलं नाही. गावच्या पोरी अजून त्या नंबरवर अक्काला मागतात आणि अप्पा म्हणतो, "ती न्हाई इथं." मेली म्हणत नाही. एवढं मला आईनं सांगितलं.

मी तिला शेवटची पाहिली ती त्या झबल्याच्या फोननंतर चार-पाच दिवसांनी. सकाळची गाडी. स्टेशनावर नेहमीची माणसं होती, दूधवाले, शाळेचे मास्तर, पूर्णेला बाजाराला निघालेल्या बायका. अक्का सगळ्यांसमोर गावातून चालत आली. काखेत गाठोडं, हातात कात्री फडक्यात गुंडाळलेली. कुणी तिला कुठे जायलीस असं विचारलं नाही. ती माझ्याच डब्यात चढली आणि माझ्या शेजारी, लागून बसली. गाठोड्यात तिचं एक जुनं मऊ लुगडं होतं, झबल्यांसाठी. मशीन घरीच राहिलं होतं.

"अप्पाला सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणले?"

"दुकान उघडलं त्यानं."

पूर्णा गेली, पिंगळी गेली. परभणीला मी उतरले आणि खिडकीजवळ येऊन उभी राहिले. परभणीच्या पुढे मनमाडकडे ती कधी गेली नव्हती. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली.

"रमा," ती म्हणाली. "मनमाड आलं हे कसं कळंल मला?"

"ही गाडी तिथंच संपती अक्का. समदे उतरतेत."

"समदे?"

"समदे."

"मग बरं हाय," ती म्हणाली. तिनं चपला बाकाखाली सारल्या, पाय वर घेतले आणि गाठोडं मांडीवर घेऊन मांडी घालून बसली. गाडी हलली तेव्हा ती पुढे बघत होती.